दुर्बिणीतून दिसलेले स्त्रीशरीर : स्त्रीरोगशास्त्रातील लघुछेद शस्त्रक्रियेचा इतिहास

प्रस्तावना

'दुर्बीण' हा शब्द मराठीत फारसीतून आला. 'दूर' आणि 'बीन' म्हणजे पाहणारा या दोन घटकांपासून तो बनला आहे. किल्ल्याच्या बुरुजावरून वा जहाजाच्या डोलकाठीवरून क्षितिजाकडे लावायच्या साधनाचे हे नाव, ज्या नळीने डॉक्टर रुग्णाच्या पोटात डोकावतात त्या नळीला मराठी माणसाने दिले आणि ते रूढही झाले. शरीराच्या आत, अगदी जवळ असलेली वस्तू पाहण्याच्या साधनाला दूरदर्शी म्हणावे यात विसंगती आहे खरी. परंतु वैद्यकाच्या इतिहासाचा विचार करता हे नाव फारसे चुकलेले नाही. स्त्रीचे ओटीपोट शतकानुशतके वैद्यकापासून दूरच होते. ते पाहायचे तर पोट उघडावे लागे, आणि पोट उघडणे म्हणजे दीर्घकाळ जिवावरचे दुखणे होते.

महाराष्ट्रात 'दुर्बिणीचे ऑपरेशन' या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. शहरातील रुग्णालयात त्याचा अर्थ गर्भाशयातील गाठ, बीजांडकोशावरील सूज, वंध्यत्व अशा एखाद्या विकारावरील उपचार असा होतो. खेड्यात मात्र अनेक दशके त्याचा अर्थ एकच होता : कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया. एकाच साधनाला हे दोन अर्थ का चिकटले, आणि त्यांपैकी दुसरा अर्थ सामान्य स्त्रीपर्यंत आधी का पोहोचला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी या साधनाचा युरोपातील पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक ठरते.

प्रकाशाची अडचण

शरीराच्या पोकळीत पाहायचे तर दोन गोष्टी लागतात, प्रकाश आणि जागा. प्रकाशाचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न फ्रँकफर्ट येथील वैद्य फिलिप बोझिनी यांचा. मेणबत्ती, आरसा आणि नळी यांपासून बनविलेल्या 'प्रकाशवाहका'चे वर्णन त्यांनी १८०६ च्या सुमारास प्रसिद्ध केले. मेणबत्तीच्या उजेडात फारसे दिसणे शक्य नव्हते आणि समकालीन वैद्यकानेही त्यांचे स्वागत केले नाही. पुढे विजेचा दिवा आल्यावर मूत्राशयात पाहण्याची नळी तयार झाली. उदरपोकळीची तपासणी ही तिचीच पुढची पायरी होय.

१९०१ हे वर्ष या संदर्भात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ड्रेस्डेनचे वैद्य गेऑर्ग केलिंग यांनी हॅम्बर्ग येथील परिषदेत एका कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरून, मूत्राशयाची नळी आत घालून उदरपोकळी दाखविली. त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथील स्त्रीरोगतज्ज्ञ दिमित्री ऑट यांनी योनिमार्गाच्या मागील भित्तीला लहानसा छेद देऊन, कपाळावरील आरशाने प्रकाश परावर्तित करून ओटीपोट तपासले. पोटावर एकही छेद न देता आत पाहण्याचा मार्ग स्त्रीशरीरात निसर्गतःच उपलब्ध आहे, ही ऑट यांची जाण पुढे दुर्लक्षित राहिली. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्टियान जाकोबेउस यांनी माणसावरील तपासणीचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांचे बरेचसे रुग्ण पोटात पाणी झालेले होते. पाणी काढून टाकल्यावर त्या जागी हवा भरणे सोपे जाई.

जागेचा प्रश्न सुटला तो एका वेगळ्याच रोगामुळे. हंगेरीतील यानोश वेरेस यांनी १९३८ मध्ये एक सुई प्रसिद्ध केली. तिच्या धारदार टोकाच्या आत स्प्रिंगवर बसविलेले बोथट टोक असते. बाहेरचा प्रतिकार संपताच बोथट टोक पुढे येते आणि आतील अवयवाला इजा होत नाही. वेरेस यांना पोटाशी काही कर्तव्य नव्हते. क्षयाच्या रुग्णाच्या छातीत हवा भरून रोगी फुप्फुस विश्रांत ठेवण्याचा उपचार त्या काळी प्रचलित होता आणि ही सुई त्यासाठी होती. क्षयावर औषधे आली, तो उपचार मागे पडला. सुई मात्र पोटात वायू भरण्यासाठी आजही वापरात आहे. या कथेला भारतीय वैद्यकात एक विलक्षण पुरवणी जोडली गेली. भारतातील स्त्रियांच्या वंध्यत्वामागे जननेंद्रियांचा क्षय हे एक महत्त्वाचे कारण असते. बीजवाहिन्यांवरील क्षयाचे बारीक पांढुरके कण डॉक्टरांना प्रत्यक्ष दिसू लागले ते याच सुईने पोट फुगवून आत घातलेल्या दुर्बिणीतून.

पॅरिस आणि ओल्डहॅम

स्त्रीरोगशास्त्रात या तपासणीला स्थिर स्थान मिळवून दिले ते राऊल पामर यांनी. जर्मन सैन्याच्या ताब्यातील पॅरिसमध्ये, १९४३-४४ च्या सुमारास त्यांनी वंध्यत्वाच्या रुग्णांवर हे काम सुरू केले. रुग्णाचे डोके खाली व कंबर वर अशा स्थितीत टेबल कलते ठेवले, की आतडी छातीच्या बाजूला सरकतात आणि ओटीपोट मोकळे होते. पोटातील वायूचा दाब सतत मोजला पाहिजे, हाही आग्रह पामर यांचाच. अमेरिकेत याच काळात योनिमार्गे तपासणीची पद्धत लोकप्रिय झाली होती. त्यामुळे पोटाच्या मार्गाने होणारी तपासणी दीर्घकाळ युरोपपुरती राहिली.

तोपर्यंत दिवा नळीच्या टोकाशी, म्हणजे पोटाच्या आत असे. तो तापत असे आणि आतील अवयवांना भाजण्याचा धोका होता. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये बाहेरच्या दिव्याचा प्रकाश स्फटिकाच्या दांडीतून आत नेण्याची युक्ती निघाली. १९५४ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे दाखविले. त्यानंतर त्यांनी नळीत पातळ भिंगे व मध्ये लांब हवेचे अंतर या जुन्या रचनेऐवजी काचेच्या लांब दांड्या व मध्ये हवेचे अल्प अंतर अशी रचना सुचविली. त्यामुळे प्रतिमा कितीतरी पटींनी उजळ झाली. ब्रिटिश उद्योजकांनी या कल्पनेची उपेक्षा केली आणि जर्मनीतील कार्ल स्टोर्झ यांनी ती उचलली, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात नवी नाही.

इंग्लंडमध्ये पॅट्रिक स्टेप्टो यांनी पामर यांच्याकडून हे तंत्र समजून घेतले. लंडनच्या नामांकित रुग्णालयांपासून दूर, ओल्डहॅम या कापूसगिरण्यांच्या गावी ते काम करीत. १९६७ मध्ये स्त्रीरोगशास्त्रातील उदरदर्शनावर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पोट न उघडता बीजांडकोशापर्यंत पोहोचता येते ही बाब केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांना हवीच होती. दोघांच्या, आणि जीन पर्डी या सहकारी स्त्रीच्या, दहा वर्षांच्या परिश्रमांतून २५ जुलै १९७८ रोजी जगातील पहिले परीक्षानलिका बालक जन्मले. त्यासाठी लागलेले स्त्रीबीज दुर्बिणीच्या साहाय्याने मिळविले होते. नोबेल पारितोषिक एडवर्ड्स यांना २०१० मध्ये मिळाले, तेव्हा स्टेप्टो व पर्डी हयात नव्हते. पर्डी यांचे नाव तर त्यानंतरही अनेक वर्षे तळटीपेतच राहिले. पहिल्या बालकानंतर अवघ्या काही आठवड्यांत, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले असे बालक जन्मले. त्यांनी स्त्रीबीज मिळविण्यासाठी पोटाचा नव्हे, तर योनीचा मार्ग स्वीकारला होता. आज जगभर स्त्रीबीज याच मार्गाने, सोनोग्राफीच्या आधारे घेतले जाते.

पाहण्याकडून करण्याकडे

येथवर दुर्बीण हे मुख्यतः पाहण्याचे साधन होते. तिला हात दिले ते कुर्ट झेम यांनी. १९२७ मध्ये म्युनिक येथे जन्मलेले झेम वैद्यकाकडे वळण्यापूर्वी अवजारे बनविण्याचे काम शिकले होते आणि हा वारसा त्यांच्या प्रत्येक शोधात दिसतो. पोटातील कार्बन डायऑक्साइडचा दाब आपोआप नियंत्रित करणारे यंत्र, रक्तस्राव थांबविण्यासाठी तुलनेने कमी उष्णतेने ऊती साकळविणारे साधन, पोटाच्या आत गाठ मारण्याची पद्धत, आणि नवशिक्यांना सरावासाठी कृत्रिम ओटीपोटाची पेटी, ही सर्व त्यांची देणगी. १९७० मध्ये ते कील येथील विद्यापीठाच्या स्त्रीरुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांच्या कल्पना ऐकून सहकाऱ्यांनी त्यांना मेंदूची तपासणी करून घेण्यास सुचविल्याचे चरित्रकार नोंदवितात.

सप्टेंबर १९८० मध्ये झेम यांनी दुर्बिणीद्वारे आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, संपूर्णपणे काढले. स्त्रीरोगतज्ज्ञाने सर्जनच्या क्षेत्रात केलेले हे अतिक्रमण जर्मन शल्यविशारदांना रुचले नाही. त्यांच्यावर कारवाईची मागणी झाली. 'मोठा सर्जन, मोठा छेद' ही त्या पिढीची धारणा होती. भरपूर उघडल्याशिवाय नीट दिसत नाही आणि नीट दिसल्याशिवाय सुरक्षित काम होत नाही, हा युक्तिवाद त्यामागे होता. तो मूर्खपणाचा नव्हता. त्या काळच्या अंधुक प्रतिमेच्या संदर्भात तो रास्तच होता. चूक एवढीच की, प्रतिमा सुधारत आहे याची दखल घेतली गेली नाही.

सर्जनांनी हे तंत्र अखेर स्वीकारले तेही स्त्रीरोगशास्त्राच्या उंबरठ्यावरूनच. १९८७ मध्ये लिऑनचे फिलिप मुरे यांनी एका स्त्रीच्या ओटीपोटातील विकारावर दुर्बिणीने उपचार करताना तीच दुर्बीण वरच्या बाजूस वळवून तिचे पित्ताशयही काढले. जर्मनीत एरिश म्यूहे यांनी १९८५ मध्येच असे पित्ताशय काढले होते, पण त्यांना उपेक्षा सोसावी लागली. मुरे यांच्या शस्त्रक्रियेनंतर हे तंत्र पॅरिसमार्गे जगभर पसरले. यात छायाकॅमेऱ्याचा वाटा मोठा. तोपर्यंत डॉक्टर वाकून एक डोळा नळीला लावून काम करीत; साहाय्यकाला काहीच दिसत नसे. प्रतिमा पडद्यावर आल्यामुळे डॉक्टर ताठ उभे राहिले, दोन्ही हात मोकळे झाले आणि खोलीतील सर्वांना एकच दृश्य दिसू लागले. जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हॅरी राइक यांनी दुर्बिणीद्वारे गर्भाशय काढले. स्त्रीरोगशास्त्रातील सर्वांत नेहमीची मोठी शस्त्रक्रिया आता बोटभर छेदांतून शक्य झाली.

याचा एक परिणाम शस्त्रक्रियेपलीकडचा होता. एन्डोमेट्रिओसिस या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते आणि पाळीच्या दिवसांत असह्य वेदना होतात. बाहेरून तपासून अनेकदा काहीच हाती लागत नसे. 'पाळीत दुखायचेच', 'लग्न झाले की थांबेल' असे सांगून मुलीला परत पाठविण्याची रीत घरात होती, तशी दवाखान्यातही होती. दुर्बिणीतून दिसणारे काळसर-निळे डाग म्हणजे त्या वेदनेला मिळालेली साक्ष होती. मात्र पुढे या साक्षीचेच बंधन झाले. शस्त्रक्रियेने डाग दिसेपर्यंत निदान नाही, म्हणून उपचारही नाही, अशी स्थिती आली. २०२२ मध्ये युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी निदानासाठी दुर्बिणीची ही अट शिथिल केली.

भारत : रुग्णालय आणि शिबीर

भारतात या तंत्राचे दोन प्रवाह जवळजवळ एकाच काळात सुरू झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरली. गरीब रुग्णाचे पोट केवळ पाहण्यासाठी उघडावे लागू नये आणि त्याची मजुरी बुडू नये, ही त्यामागील दृष्टी होती. १९९० मध्ये त्यांनीच याच रुग्णालयात भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. साधने महाग, वायू मिळण्याची अडचण, वीज बेभरवशाची. तरी सरकारी रुग्णालयात हे शक्य आहे असे त्यांनी सिद्ध केले.

दुसरा प्रवाह संख्येने कितीतरी मोठा होता. १९७० च्या दशकात अमेरिकेत इन बे यून यांनी बीजवाहिनीवर बसविण्याची सिलिकॉनची लवचिक कडी विकसित केली. दुर्बिणीतूनच नलिकेचा पेर ओढून घ्यायचा आणि त्यावर कडी सरकवायची. विजेने जाळण्याची गरज नाही, त्यामुळे आतडे भाजण्याचा धोका नाही. स्थानिक भूल पुरते, टाका एखादाच, आणि बाई त्याच दिवशी घरी. याच दशकात अमेरिकी मदतीने विकसनशील देशांतील डॉक्टरांना प्रशिक्षण व साधी, स्वस्त दुर्बीण मिळू लागली. मदतीचा हेतू लोकसंख्येचे नियंत्रण हा होता. स्त्रियांच्या विकारांवरील उपचार हा नव्हता.

भारतातील राजकीय परिस्थिती या साधनास अनुकूल ठरली. शिबिरांची पद्धत मुळात पुरुषांसाठी होती. केरळमधील एर्नाकुलम येथे जुलै १९७१ मध्ये एका महिन्यात सुमारे ६३ हजार पुरुषांची नसबंदी झाली होती. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. त्या सक्तीची किंमत १९७७ च्या निवडणुकीत चुकवावी लागली. त्यानंतर कोणतेही सरकार पुरुषाला हात लावण्यास धजेना. उद्दिष्टे मात्र कायम राहिली. ती पूर्ण करण्याचा भार स्त्रीवर आला, आणि नेमक्या त्याच वेळी दुर्बीण हाताशी होती. स्त्रियांच्या सर्वच शस्त्रक्रिया दुर्बिणीने होत असे नाही. छोट्या छेदाची जुनी पद्धतही, विशेषतः बाळंतपणानंतर, चालूच राहिली. शिबिराला वेग दिला तो मात्र दुर्बिणीने.

या वेगाची कल्पना एका डॉक्टरांच्या प्रसिद्ध शोधनिबंधांवरून येते. डॉ. पी. व्ही. मेहता यांनी १९८१ मध्ये ग्रामीण शिबिरांतील १०,१०० स्त्रियांवरील कड्यांचा अनुभव मांडला. १९८९ मध्ये त्यांच्याच निबंधात हा आकडा २,५०,१३६ झाला होता, आणि हे सर्व काम एकाच हाताचे होते. कौशल्य म्हणून हा आकडा थक्क करणारा आहे. परंतु एका हाताखालून अडीच लाख स्त्रिया जातात तेव्हा त्यांपैकी प्रत्येकीला तिच्या पाळीविषयी, अंगावरून जाण्याविषयी, पोटातील दुखण्याविषयी विचारण्यास किती क्षण उरत असतील, हा प्रश्न आकड्यात मावत नाही. ज्या दुर्बिणीतून बीजवाहिनी दिसते त्याच दुर्बिणीतून तिच्या शेजारची गाठ, क्षयाचे कण, एन्डोमेट्रिओसिसचे डागही दिसतात. शिबिरातील दुर्बीण ते पाहण्यासाठी आलेलीच नव्हती.

१९९६ मध्ये वरून लादलेली उद्दिष्टे औपचारिकरीत्या रद्द झाली, शिबिरे मात्र राहिली. जानेवारी २०१२ मध्ये बिहारमधील अररिया जिल्ह्यात एका शाळेत दोन तासांत ५३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया झाल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका सर्जनने एका दिवसात ८३ स्त्रियांवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया केल्या. शासकीय निकषांनुसार ही मर्यादा ३० होती. त्या व त्यानंतरच्या शिबिरांतील १३ स्त्रिया मृत्यू पावल्या. जंतुसंसर्ग की दूषित औषधे, यावर बराच वाद झाला. त्याच सुमारास ओडिशातील एका शिबिरात पोटात वायू भरण्यासाठी सायकलचा पंप वापरल्याचे उघड झाले. दाब मोजण्याविषयी पामर यांनी धरलेला आग्रह आणि झेम यांनी त्यासाठी बनविलेले यंत्र यांना तोवर अनेक दशके लोटली होती. अररियाच्या प्रकरणावरून देविका बिस्वास यांनी दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी शिबिरांची पद्धत तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. पुरुषाची शस्त्रक्रिया पोटात शिरत नाही, अधिक सोपी व अधिक सुरक्षित आहे, हे येथे नोंदविले पाहिजे.

छेद लहान, निर्णय मोठा

उपचाराच्या क्षेत्रातही छेदाच्या लांबीवरून सर्व काही ठरत नाही, हे हळूहळू ध्यानात आले. गर्भाशय काढण्यासाठी योनिमार्ग उपलब्ध असेल तर तोच अधिक हितकारक, असा निष्कर्ष विविध चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून निघाला आहे. पोटावर एकही छेद नाही आणि महागडी सामग्री नाही. मुंबईच्या स्त्रीरोगशास्त्राला ही परंपरा परिचित होती. गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांचा, सैल गर्भाशयमुखाला आधार देऊन गर्भपात टाळणारा, १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला टाका योनिमार्गानेच घातला जातो. पडद्यावरील चित्राच्या आकर्षणापुढे हे बोटांचे कौशल्य नव्या पिढीत मागे पडत आहे, अशी खंत ज्येष्ठ शिक्षक व्यक्त करतात ती अनाठायी नाही.

मुळात अवयव काढायचा की नाही, हा तर त्याही आधीचा प्रश्न. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. पाळीत खाडा पडला की मुकादम दंड कापतो, फडावर ना पाणी ना आडोसा, आणि दवाखान्यात कर्करोगाची भीती घातलेली. तेथे छेद लहान होता की मोठा, ही बाब गौणच म्हटली पाहिजे.

लहान छेदातून मोठी गाठ बाहेर काढायची तर तिचे आत तुकडे करावे लागतात. ते करणाऱ्या यंत्राविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये कडक इशारा दिला. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांपैकी एकीत न ओळखलेला कर्करोग असू शकतो आणि यंत्रामुळे तो पोटभर पसरतो, असा तो अंदाज होता.

अधिक धक्कादायक ठरली ती २०१८ मधील चाचणी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दुर्बिणीने व्यापक शस्त्रक्रिया करण्यात पुण्याने आघाडी घेतली होती. डॉ. शैलेश पुणतांबेकर व सहकाऱ्यांनी २०० हून अधिक रुग्णांचा अनुभव २००७ मध्ये 'पुणे तंत्र' या नावाने मांडला आणि ते नाव जगभरच्या शल्यगृहांत पोहोचले. रक्तस्राव कमी, रुग्ण लवकर घरी. लाभ उघड दिसत होते. परंतु विविध देशांतील रुग्णालयांत झालेल्या यादृच्छिक चाचणीत साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त स्त्रियांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, तर लघुछेद शस्त्रक्रियेत ८६ टक्के भरले. गर्भाशय हलविण्यासाठी आत घातलेले साधन, पोटातील वायू, की गाठ उघडी पडणे, यांपैकी नेमके कारण कोणते यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मार्गदर्शक सूचना मात्र बदलल्या, आणि या एका कर्करोगासाठी पोटावरचा जुना, लांब छेद पुन्हा प्रमाण मानला जाऊ लागला.